जंगलाचा दर: चौरस फुटाला 15 रुपये

आरेतली कारशेड असो, गडचिरोलीतली खाण असो की ग्रेट निकोबारचं बंदर, विरोधाचा आवाज उठला की एक संदेश हमखास फिरू लागतो: ‘एक झाड तोडलं तर दहा लावतात, वर हेक्टरी लाखो रुपये भरतात. मग जंगलाचा तोटा कुठे झाला?’

आधी पैशांचं बघू, कारण भुरळ तिथेच पडते. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळती करताना ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे त्या जंगलापासून मिळणाऱ्या फायद्यांची पैशात काढलेली किंमत, भरावं लागतं. 2022 च्या सुधारित दरांत सर्वांत वरच्या प्रतीच्या, अतिदाट जंगलाला हेक्टरी सुमारे 15.96 लाख रुपये आहेत. आकडा भारदस्त वाटतो. पण एका हेक्टरात एक लाख सात हजारांवर चौरस फूट येतात. भागून बघा: चौरस फुटाला 15 रुपयेसुद्धा पडत नाहीत, आणि तेही एकदाच. अभयारण्यात पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट आकारणी होते हे खरं, पण बहुतेक जंगल त्यांच्या बाहेर आहे. जंगल इतकं स्वस्त मिळत असेल तर पडीक किंवा खासगी जागा शोधायची तसदी कोण घेईल? भरपाईमुळे जंगलाला हात लावणं महाग पडायला हवं होतं. इथे ती प्रकल्पखर्चातली एक किरकोळ नोंद होते.

‘दहा लावतात’ याबद्दल कॅगचा 2013 चा अहवाल वाचावा. 2006 ते 2012 या काळात पर्यायी वनीकरणासाठी, म्हणजे गेलेल्या जंगलाच्या बदल्यात नवं लावण्यासाठी, 1,03,382 हेक्टर बिगरवन जमीन मिळायला हवी होती. मिळाली 28,086 हेक्टर, आणि लागवड झाली जेमतेम 7,281 हेक्टरवर. पैसा नव्हता म्हणावं, तर 2019 मध्ये केंद्राने पर्यायी वनीकरणाच्या निधीतले 47 हजार कोटींहून जास्त रुपये राज्यांना दिले. अडतं ते जमिनीपाशी. म्हणून केंद्राच्या प्रकल्पांना सवलत आहे: दुप्पट अवनत, म्हणजे ऱ्हास झालेल्या, वनक्षेत्रावर रोपं लावा. म्हणजे जंगल गेलं आणि बदल्यात आधीपासून वनखात्याच्याच असलेल्या जमिनीवर खड्डे खणले. एकूण वनजमीन घटलीच.

आणि लावतात कुठे? ग्रेट निकोबारमध्ये सुमारे 130 चौरस किलोमीटर सदाहरित वर्षावन जाणार, त्याची भरपाई हरियाणात ठरली! अरवलीच्या कोरड्या उतारावर निकोबारी मेगापोड पक्षी घरटं करणार नाही.

मला सगळ्यात जास्त सलतो तो मोहाच्या फुलांचा हिशेब. चैत्रात पहाटे बायका झाडाखालचा पालापाचोळा झाडून फुलं वेचतात, अंगणात वाळवतात, आणि त्यातून घराला रोख पैसा मिळतो. नवं रोप फुलावर यायला दहाएक वर्षं लागतात. तोवरचं त्या बाईचं उत्पन्न या ‘मूल्या’तून तिच्या हाती येत नाही, रक्कम जाते सरकारी निधीत.

‘मग विकास थांबवायचा का?’ असं विचारतात. नाही. बिगरवन जमीन आधी ताब्यात घ्या, तिथली रोपं जगलेली दाखवा, मगच तोडीचा परवाना द्या. आणि मूल्याचा ठरावीक वाटा थेट ग्रामसभेच्या खात्यात जमा करा.