बेसा रोडवरचा प्लॉट

काकांचा नागपूरहून फोन आला. बेसा रोडवरच्या आमच्या प्लॉटची रजिस्ट्री दुसऱ्याच कुणाच्या नावानं लागली. बाबांनी स्टॅम्पपेपरवर इसारपावती केली होती आणि सगळे हप्ते भरले होते. दर पावतीवर ले-आऊटवाल्या दोन्ही भागीदारांच्या सह्या आहेत. पुढे भागीदार फुटले. एकानं शेतमालकाला आपल्याकडे वळवलं, नवं मुखत्यारपत्र करून घेतलं आणि चढ्या भावात प्लॉट विकून टाकला. "त्यानं जबान देली होती ना!" काका पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते.

घरात आता दोन तट आहेत. एक म्हणतो माणूस बेइमान निघाला. दुसरा म्हणतो ही जुनी भानगड, आता रेरा (घर-प्लॉट घेणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा) आहे.

मी म्युनिकमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा नोटरीनं अख्खा करार आमच्यासमोर मोठ्यानं वाचला. नोटरीशिवाय जमिनीचा करार इथं ग्राह्यच नाही. मग भूमी-नोंदवहीत आमच्या हक्काची आगाऊ नोंद झाली, आणि त्यानंतरच बिल्डरला पहिला हप्ता मागता आला. पुढे त्यानं फ्लॅट दुसऱ्याला विकला असता तरी आमचा हक्क शाबूत राहिला असता. हा बिल्डर बाबांच्या ले-आऊटवाल्यांपेक्षा सज्जन होता, असं मी अजिबात म्हणणार नाही. त्याला शब्द फिरवायला वावच नव्हता.

आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात विक्रीच्या नुसत्या करारानं जमिनीत हक्क निर्माण होत नाही. म्हणजे इसार ते विक्रीपत्र या काळात खरेदीदार उघड्यावर असतो. एनए (बिगरशेती) व्हायचं आहे, आरएल (ले-आऊटच्या मंजुरीचं पत्र) यायचं आहे, असं म्हणत तो काळ वर्षानुवर्षं लांबतो. तेवढ्यात भाव चढतात आणि निष्ठा फिरतात.

रेरानं फरक पडला, हे मी मनापासून मानतो. नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. दोन तृतीयांश ग्राहकांच्या लेखी संमतीवाचून प्रकल्प तिसऱ्याच्या हाती देता येत नाही. पण हा कायदा आपण वापरतो का? चुलतभाऊ परवाच त्याच्या प्लॉटबद्दल सांगत होता, "बॉण्डवर करून घेतो दादा, ओळखीचा माणूस आहे." मी फोनवरच त्याच्याशी भांडलो. शेवटी दुसरा हप्ता त्यानं थांबवला. मंगळवारी तो दुय्यम निबंधकाकडे जमिनीच्या नोंदींचा शोध काढायला जाणार आहे, आणि काका बाबांच्या पावत्यांची पिशवी घेऊन त्याच्यासोबत निघालेत.