पस्तीस की पन्नास? घाई नको!

कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स तुम्ही कपाटात टाकलीत, उत्तम केलंत. तिने फोटो निघत होते, विचाराला काही उरतच नव्हतं. आता प्राईम, म्हणजे झूम न होणारी लेन्स घ्यायची. ३५ मिमीची की ५० ची? आकडा मोठा तितकं दृश्य जवळ आणि फ्रेम अरुंद. आंबे उतरल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंतचा काळ या प्रश्नाला सहज पुरतो.

आधी गणित. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतला चित्र टिपणारा तुकडा लहान असेल तर आकड्याला साधारण दीडने गुणायचं. ३५ ची होते साधारण ५२, ५० ची होते ७५. म्हणजे पन्नास हवी असेल तर पस्तीस घ्यायची. पन्नास घेतलीत तर पन्नास मिळणार नाही. हे घरी नीट समजावून सांगा. वडील विचारतील, "मग दुकानदार पैसे कितीचे घेतो, पस्तिसाचे की बावन्नाचे?" वाद घालू नका.

मग प्रत्यक्ष पाहणी. संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाला जा. पन्नास लावून सुरमईच्या वाट्यांपाशी उभे राहिलात तर फ्रेममध्ये एक टोपली आणि दीड कोळीण येते. सगळी यायला हवीत तर मागे सरका; प्राईमवाल्यांनी झूम पायांनी करायचा असतो. मागे बैलगाडी, तिच्यामागे समुद्र. "ओ दादा, पाटीत पाय घालाल!" अशी हाक आली की समजा, कंपोझिशन जमत आलं. पस्तीस लावलीत तर उलट पुढे सरकावं लागतं. तिथे कॅमेरा जपून उचला. हात वर गेला की बोली तुमची.

पोटात कावळे ओरडले की खानावळीत शिरा आणि ताटाचा वरून फोटो घ्या. अख्खं ताट मावायला पस्तीसला ताटापासून सुमारे ८० सेंटिमीटर अंतर लागतं, म्हणजे उभं राहून भागतं. पन्नासला सव्वा मीटरच्या आसपास लागतं, म्हणजे खुर्चीवर चढा. सोलकढीची वाटी आधी दुसऱ्याच्या हातात द्या.

गुहागरच्या सूर्यास्ताचं मात्र विचारू नका. पन्नासने सेन्सरवर सूर्य अर्ध्या मिलिमीटरहून लहान उमटतो, पस्तीसने त्याहून लहान. तीळ की खसखस, एवढंच ठरवायचं. वेळासला कासवाची पिल्लं समुद्राकडे निघतात, तेव्हा बघ्यांसाठी बांधलेल्या दोराच्या अलीकडून दोन्ही लेन्सा सारख्याच निरुपयोगी. हा एक मुद्दा वादातीत निघाला म्हणून मला फार बरं वाटलं.

माणसांच्या फोटोंसाठी एफ १.८ वर काकीला उभी करा; एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं. एक डोळा लख्ख, दुसरा धुक्यात, मागची माडाची झावळी सायीसारखी. या धूसरपणाला बोके म्हणतात. सायीचा आणि बोक्यांचा संबंध आपल्याकडे जुनाच. काकी विचारेल, "माझी नथ कुठे गेली रे?" तिला सांगा, हीच तर कला. फारच नाराज झाली तर एफ १.४ ची महाग लेन्स दाखवा. तिच्यात प्रकाश दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त येतो आणि नथ आणखी नाहीशी होते.

एवढं करूनही ठरत नसेल तर दोन्ही घ्या आणि मृगाची वाट बघा. कोकणात अखेरचा निकाल बुरशी देते. बंद कपाट, चामड्याची पिशवी, चार महिन्यांचा पाऊस. उरेल ती लेन्स तुमची. काही शहाणे लोक हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात. दाणे निळे असतील तर गुलाबी झाल्यावर बदलायचे. मीही ठेवल्या होत्या. गणपतीत डबा उघडला तर पुड्या जागेवर नाहीत आणि पन्नासच्या काचेआड कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी. पुड्या आईने फणसाच्या पापडांच्या डब्यात हलवल्या होत्या. पापड मात्र भादव्यातही खुटखुटीत होते.