गुलामी कसली, बैठकीला या

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय. एका मित्राने लिहिलं, भारताने स्वतःचा डेटाबेस, म्हणजे माहिती साठवायचं सॉफ्टवेअर, बनवावा, त्याची भाषाही आपलीच असावी. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), ओडीबीसी (प्रोग्रॅमने डेटाबेसशी जोडून घ्यायची रीत) या परकीय मानकांची गुलामी किती दिवस करायची? त्यावर टाळ्यांचा आणि तिरंग्यांचा पाऊस. डेटाबेस जरूर बनवा. पण ज्याला गुलामी म्हणताय त्या कामात माझी तीसएक वर्षं गेली आहेत, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ओरॅकल कंपनीच्या डेटाबेसवर चालणारा प्रोग्रॅम इन्फॉर्मिक्सच्या डेटाबेसवर न्यायचा म्हणजे त्याचा बराच भाग नव्याने लिहावा लागे. गिऱ्हाईक एकदा अडकलं की अडकलं. १९८९ मध्ये ओरॅकल, इन्फॉर्मिक्स, इंग्रेस, टँडेम असे बाजारातले हाडवैरी सगळ्यांना चालेल अशी रीत ठरवायला एसक्यूएल ॲक्सेस ग्रुपमध्ये एकत्र बसले. त्या कामातून १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ओडीबीसी आलं, १९९५ मध्ये त्याच घराण्यातलं आयएसओचं, म्हणजे जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं, मानक झालं आणि १९९७ मध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचं जेडीबीसीही त्याच पायावर उभं राहिलं. प्रोग्रॅमने ठरलेलं फंक्शन बोलवायचं, डेटाबेसप्रमाणे ते फिरवून देणं हे ड्रायव्हर नावाच्या मधल्या प्रोग्रॅमचं काम. काही बिनसलं तर पाच अक्षरांचा कोड येतो: ०८ ने सुरू झाला तर कनेक्शनची भानगड, २३ ने सुरू झाला तर डेटाबेसला घालून दिलेल्या नियमाचा भंग. सुटका झाली ती गिऱ्हाइकाची. यात गुलाम कोण झालं?

हेच मित्र यूपीआयचं कौतुक करताना थकत नाहीत. मीही करतो, मी राहतो त्या अमेरिकेत अजून लोक भाड्याचा चेक लिहितात. पण २०१६ मध्ये सुरू झालेलं यूपीआय चाललं कशामुळे? कुठल्याही बँकेच्या खात्यातून कुठल्याही बँकेच्या खात्यात पैसे जातात, कारण सगळ्या बँका एकच ठरलेली रीत पाळतात. ते आपलं म्हणून अभिमान, आणि तीच गोष्ट जिनिव्हाच्या शिक्क्याची असली की गुलामी?

मराठीचंच घ्या. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठीच्या जगभरच्या अक्षरांच्या यादीत, स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक 'अ' वर चंद्र देऊन काम भागवत, अजूनही देतात. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, पण डेटाबेसच्या लेखी वेगळे. वकिलांच्या यादीत एका पद्धतीने 'ॲड.' शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले वकील सापडतच नाहीत. अशी दुखणी सांगायला मानकं ठरवणाऱ्या समितीत मराठी माणूस हवा, आणि तो दर बैठकीला हवा.

बैठका कंटाळवाण्या असतात, हे मी लपवत नाही. यादीचा क्रम लावताना माहिती न भरलेल्या रिकाम्या जागा आधी याव्यात की शेवटी, एवढ्यावरही एकमत होत नाही. ओरॅकल चढत्या क्रमात त्या शेवटी टाकतं, मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर आधी. मानकाने ते ज्याच्या त्याच्यावर सोडलं आणि २००३ मध्ये वापरणाऱ्याला आपली पसंती सांगायची सोय दिली. असली तडजोड चिकाटीने बसणाऱ्यांच्या हातून होते. माझा शेजारी बोईंगमधून निवृत्त झालाय, तरी स्क्रूच्या आट्यांच्या समितीवर अजून पदरचे पैसे घालून जातो. आपल्याकडे 'यात बिलिंग किती?' या प्रश्नावरच विषय संपतो.

एकाने मला सुनावलं, 'बेलव्ह्यूत बसून बोलणं सोपं आहे.' बेलव्ह्यू म्हणजे अमेरिकेतलं माझं गाव. लागलं मला ते. कारण त्या बैठकांत मी बसलो तो अमेरिकेच्या शिष्टमंडळात, अमेरिकी कंपनीच्या खर्चाने. हात वर केला तो त्यांच्या मतासाठी. कॉफीच्या वेळी कुणी विचारलं की मी पुण्याचा म्हणून सांगायचो, आणि परत आत जाऊन अमेरिकेच्या पाटीमागे बसायचो. माझ्या खिशात आज ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) आहे, मतदान मी इथल्या किंग काउंटीत करतो, आणि तरी या लेखात 'आपल्याकडे' हाच शब्द हातून लिहिला जातो. तो हक्क मला आहे की नाही, याचा निकाल ग्रुपवर लागणार नाही.

पण मसुदा कसा वाचायचा, हरकत कशी लिहायची, कुठे अडून बसायचं हे मला येतं. भारतीय मानक ब्यूरोच्या समित्या आहेत. पुण्यातली एखादी कंपनी आपला तरुण इंजिनिअर तिथे बसवणार असेल, तर मी त्याला शिकवायला तयार आहे. तुमची सकाळ चालेल, माझी रात्र असते.