साठाचा आकडा नेमके काय सांगतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

कोथरूडहून आपण लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. वाड्याचा चौक आणि चार कंदील एवढाच पसारा असलेला आपला छोटा त्रिमितीय खेळ ‘गोडो’ या खेळ बनवण्याच्या इंजिनाच्या तिसऱ्या आवृत्तीवर (गोडो ३) सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रे, देत होता आणि गोडो ४ वर नेल्यावर तो ४८ वर आला. शिवाय ‘ग्लेक्सगिअर्स’ आजही ६० दाखवते, म्हणजे ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारे सॉफ्टवेअर) ठीक आहे, तेव्हा ‘व्हल्कनमुळे वेग वाढतो’ (व्हल्कन म्हणजे ग्राफिक्स चिपशी बोलण्याची नवी पद्धत, गोडो ४ ती वापरतो) हे माझ्या लेखातले विधान म्हणजे निव्वळ प्रचार, असा आपला आक्षेप आहे. आक्षेपाचा गाभा मला मान्य आहे. मात्र ज्या आकड्यांवर तो उभा आहे, ते आकडे आपल्याच बाजूला कमी न्याय देतात.

ग्लेक्सगिअर्स ही तीन दातेरी चाके फिरवणारी चाचणी आहे. ती नेमकी ६० वर थांबते याचा अर्थ एवढाच, की व्हीसिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी बांधणारी सोय) चालू आहे आणि पडद्याच्या ६० हर्ट्‌झपुढे जायला तिला मुभा नाही. आपल्या जुन्या ६० चेही तेच. ती खेळाची गती नव्हती, पडद्याची मर्यादा होती. गोडो ३ मध्ये एक फ्रेम १६ मिलिसेकंदांत होत होती की ७ मध्ये, हे त्या आकड्यावरून कळायला मार्गच नाही. आताचे ४८ म्हणजे फ्रेममागे सुमारे २०.८ मिलिसेकंद. पूर्वी समजा ७ लागत असतील, तर काम तिपटीने वाढले आहे आणि आपण तक्रार केली ती फक्त वीस टक्क्यांची! आपल्याला जाणवणारा हिसकाही यातूनच येतो : पडदा पाच वेळा ताजा होतो तेवढ्यात चारच फ्रेम तयार होतात, म्हणून दर चौथी फ्रेम दोनदा दिसते.

काम वाढले कुठे? डेस्कटॉपवर गोडो ४ आपण होऊन ‘फॉरवर्ड प्लस’ हा रेंडरर (दृश्याचे चित्र तयार करणारा भाग) निवडतो. दृश्याचे लहान लहान कप्पे पाडून कोणत्या कप्प्यात कोणता दिवा पोचतो याची तो आधी मांडणी करतो. शेकडो दिव्यांच्या दृश्यात ही मेहनत वसूल होते, चार कंदिलांत होत नाही. शिवाय तो प्रत्येक रंग १६ बिटांच्या बफरमध्ये (चित्र साठवण्याच्या मेमरीत) ठेवतो, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला ८ बाइट. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर हा बफर एकदा लिहायचा तर साधारण १६.६ एमबी, आणि सेकंदाला ६० वेळा लिहायचा तर जवळपास १ जीबी; वाचन आणि बाकीचे टप्पे वेगळेच. आपल्या लॅपटॉपमधील इंटेल एचडी ६२० या ग्राफिक्स चिपला स्वतःची मेमरी नाही. रॅमची एकच २४०० ची डीडीआर४ पट्टी असेल, तर सेकंदाला १९.२ जीबीच्या वाटेत प्रोसेसरही वाटेकरी असतो. (तपकीर गल्लीतून तशीच दुसरी पट्टी आणून बसवली, तर ही वाट दुप्पट रुंद होते, आणि ग्राफिक्ससाठी नव्या लॅपटॉपच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.)

‘लिनक्सवर अपग्रेड म्हणजे अधोगती’ हे आपले वाक्य मात्र मान्य नाही. हॅसवेल पिढीपर्यंतच्या जुन्या इंटेल चिप्ससाठी मेसा या लिनक्सवरच्या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरच्या प्रकल्पाने २०२१ मध्ये क्रोकस हा नवा ओपनजीएल (व्हल्कनच्या आधीची ग्राफिक्स पद्धत) ड्रायव्हर आणला. जुन्या यंत्रांची इतकी काळजी घेणारे लोक दुर्मीळ. आपल्या बाबतीत प्रश्न ड्रायव्हरचा नसून इंजिनाच्या मूळ निवडीचा आहे.

प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये रेंडरर ‘कंपॅटिबिलिटी’ करून पाहावा. तो ओपनजीएल ३.३ वर चालतो. व्हॉल्युमेट्रिक धुके त्यात मिळत नाही, पण आपल्या चौकात ते नाहीच. त्यानंतर दोन्ही आवृत्त्यांत व्हीसिंक बंद ठेवून, लॅपटॉप चार्जरला लावून आणि तो दहा मिनिटे तापू देऊन फ्रेममागचे मिलिसेकंद मोजावेत. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी पहिल्या मिनिटाचे आकडे हमखास फसवतात.

माझ्या लेखात ‘वेग वाढतो’ हे वाक्य कोणत्या यंत्रावर, याचा उल्लेख न करता लिहिले गेले, ही चूक माझी. तेथे ‘स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास’ एवढे शब्द आज घातले आहेत. आपले नवे आकडे आले, की तेही लेखात जोडीन.