जिंकले की सांगा, येतोच

जिंकणाऱ्या फुटबॉल क्लबचा चाहता व्हायचं असेल तर आधी जर्सी घेऊन टाका. नागपुरात बर्डीच्या फुटपाथवर ती अडीचशे-तीनशेला मिळते, घासाघीस जमली तर पाचशेत दोन. दोनच घ्यायच्या, एक लाल आणि एक निळी. १९९२ साली इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हापासून २०२५ पर्यंत ती फक्त सात क्लबांनी जिंकली आहे. मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल आणि आर्सेनल लाल. चेल्सी, मँचेस्टर सिटी आणि लेस्टर निळे. उरला ब्लॅकबर्न, तो अर्धा निळा आणि अर्धा पांढरा. म्हणजे ३३ हंगामांत तुमच्या कपाटाबाहेरचा रंग एकदाही जिंकलेला नाही. बँकेतल्या ठेवीलाही इतकी खात्री नसते. पाठीवर खेळाडूचं नाव मात्र छापून घेऊ नका. तो जानेवारीत दुसरीकडे निघून जातो आणि तुम्ही त्याचं नाव पाठीवर घेऊन फुटाळा तलावावर फिरत बसता.

टीम हरायला लागली की गडबडून जायचं नाही. कामात बुडून जायचं. कोणी विचारलंच तर सांगायचं, "यंदा मॅच पाहूनच नाही राह्यलो यार, ऑफिसात मरायला फुरसत नाई." तीन मॅच सलग जिंकल्या की फुरसत आपोआप मिळते. त्या दिवशी व्हॉट्सअॅपच्या डीपीवर क्लबचं चिन्ह चढवायचं आणि खाली लिहायचं, 'आपण पहिल्यापासून'. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, हे नागपुरात कोणी विचारत नाही. विचारणाराही मागच्याच आठवड्यात आलेला असतो.

हे सगळं सांगायची वेळ आली कारण जगात काही लोक असे वागत नाहीत. त्यांच्यापासून सावध राहा.

मँचेस्टर सिटीचंच बघा. आज ज्यांच्या निळ्या जर्सीवर बर्डीतल्या दुकानदारांचं घर चालतं, तो क्लब १९९८ साली हरून खालच्या लीगमध्ये घसरत घसरत इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये गेला होता. शहाण्या माणसाने अशा वेळी तोंड फिरवावं. पण त्या हंगामातही त्यांच्या जुन्या मेन रोड मैदानावर दर मॅचला सरासरी २८ हजारांच्या आसपास माणसं येत होती, आणि बघत काय होती, तर मॅकल्सफील्ड नावाच्या छोट्याशा क्लबविरुद्धची मॅच. बरं, त्याच गावातल्या लाल क्लबने २६ मे १९९९ ला युरोपचा चषक उचलला. जर्सी बदलायला इतका सोयीचा मुहूर्त पंचांगातही सापडायचा नाही. पण हे लोक चारच दिवसांनी वेम्ब्लीवर हजर. कशासाठी, तर तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढण्यासाठी, जिलिंगहॅमविरुद्ध. शेवटच्या दहा मिनिटांत सिटीने दोन गोल खाल्ले. तेव्हा काही जण उठून दाराकडे निघाले. ते आपले लोक. बाकीचे बसून राहिले आणि त्यांनी नव्वदाव्या मिनिटाला हॉरलॉकचा गोल पाहिला, लगेच भरपाईच्या मिनिटांत डिकॉव्हचा पाहिला आणि पेनल्टीवर मिळालेला विजयही पाहिला. पण पार्किंगमधून लवकर निघायचा आनंद त्यांना मिळाला नाही, हे विसरू नका.

इंग्लंडातल्याच संडरलंड क्लबची गोष्ट याहून शिकण्यासारखी आहे, कारण तिथे आपल्या पंथाचे लोक नीट मोजता येतात. २०१६-१७ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये होता, तेव्हा मैदानावर सरासरी ४१ हजार लोक. खाली घसरला आणि आकडा २८ हजारांच्याही खाली आला. यात नवल नाही, आपणही हेच केलं असतं. पुढच्या वर्षी क्लब आणखी एक पायरी घसरला. आता हिशेबाने उरावेत पंधरा-वीस हजार. झाले ३२ हजार! तिसऱ्या पायरीवर, दुसरीपेक्षा जास्त गर्दी. २६ डिसेंबर २०१८ ला ब्रॅडफर्डविरुद्ध तर तिथे ४६,०३९ माणसं होती. का? तर टीम पुन्हा जिंकायला लागली होती. समोर कोण आहे, खेळ कुठल्या दर्जाचा आहे, याला माणूस फारसा मोजत नाही. शनिवारी संध्याकाळी घरी जाताना मान वर असावी, एवढीच त्याची मागणी. मोठ्या लीगमध्ये रोज मार खाण्यापेक्षा छोट्या लीगमध्ये रोज मार देणं बरं. आपल्याकडे वाडीतला पहिलवान शहराच्या आखाड्यात उतरत नाही, त्यामागे हेच शास्त्र आहे.

तरीही त्या २८ हजारांचा मला राग येतो. टीम दर आठवड्याला हरत असताना ते तिथे काय करत होते? अशा लोकांमुळे आपण उघडे पडतो. जर्मनीत शाल्के २०२१ साली खाली घसरला, वर आला, २०२३ ला पुन्हा घसरला, आणि दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्येही त्यांच्या मैदानावर साठ हजारांवर लोक. मँचेस्टर युनायटेड १९७४-७५ चा हंगाम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होती आणि त्या वर्षी अख्ख्या इंग्लंडात सर्वात जास्त सरासरी गर्दी तिचीच. समजावणार तरी कोणाकोणाला?

तुम्हाला त्या वाटेला जायची गरज नाही, कारण तुम्ही नागपुरात आहात आणि ही मोठी सोय आहे. इंग्लंडात शनिवारी दुपारी तीनची मॅच टीव्हीवर दाखवायला बंदी आहे. लोक घरी बसले तर खालच्या क्लबांची मैदानं ओस पडतील, अशी भीती. म्हणजे मँचेस्टरचा माणूस स्वतःच्या गावातली मॅच घरी बसून बघू शकत नाही. तीच मॅच तुम्ही धरमपेठेत, थंडीच्या दिवसांत रात्री साडेआठला, सोफ्यावर मांडी घालून, ताटात सांबारवडी घेऊन बघता. आणि कॅमेरा गॅलरीवर फिरला, चार खुर्च्या रिकाम्या दिसल्या, की तुम्हीच म्हणायचं, "काय बे हे, एवढा मोठा क्लब आणि पब्लिकच नाई!" हे वाक्य पाठ करून ठेवा. इथून मँचेस्टर साडेसात हजार किलोमीटर, कोणी उलट विचारायला येत नाही. जरा जास्त अभ्यासू दिसायचं असेल तर जोडून द्या, की तिकडचे बरेच क्लब आलेली माणसं मोजतच नाहीत, विकलेली तिकिटं मोजून आकडा देतात. हे खरं आहे. सीझन तिकीट काढून घरी झोपलेला माणूसही गर्दीत धरतात. आपल्याकडे सभेची गर्दी मोजतात त्यापेक्षा ही पद्धत बरीच प्रामाणिक, असं माझं मत.

आता थोडं अवघड प्रकरण. आपल्या देशाची टीम.

१ जून २०१८ ला मुंबईत भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं. कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक. बघायला २,५६९ माणसं. इथे आमचं सगळं शास्त्र कोसळलं, कारण टीम तर जिंकली होती. मग छेत्रीने व्हिडिओ करून हात जोडले. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन द्या, असं म्हणाला. तीन दिवसांनी केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच, आणि तिकिटं संपली. यातून काय घ्यायचं? नुसतं जिंकून भागत नाही, कॅप्टनने विनवणीही केली पाहिजे. आपण काय असे लगेच उठून जाणारे नव्हेत. निमंत्रण लागतं, शक्यतो दोनदा.

नागपूरकराला हे सांगायला नको. विदर्भाची टीम साठ वर्षं रणजी खेळत होती. ती आपली आहे हे आपल्याला १ जानेवारी २०१८ ला कळलं, इंदूरला फायनल जिंकली तेव्हा. विजय बारसे सरांनी २००१ साली इथल्या झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला. २०२२ मध्ये त्यावर अमिताभ बच्चनचा सिनेमा आला, तेव्हा शहरातला प्रत्येक दुसरा माणूस सरांच्या ओळखीचा निघाला. मधली वीस वर्षं आपण सगळे सीताबर्डीच्या सिग्नलला अडकलो होतो.

आणि हो, नागपुरात फुटबॉलची लीग आहे. दचकू नका. कामठीचा रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, राहुल क्लब ही नावं जुन्या लोकांना विचारा, ते चहा सांगून बसवतील. तुम्हाला यशवंत स्टेडियम म्हटलं की हिवाळी अधिवेशनातले मोर्चे आठवतात, त्यांना दुसरंच काही आठवतं. या वयस्कर मंडळींपासून लांब राहा. ते कोण जिंकलं हे शेवटी सांगतात, आधी कोणी कसा पास दिला ते सांगतात.

मी एकदा चुकून गेलो होतो. कुठल्या मैदानावर ते सांगत नाही, उगाच गर्दी व्हायची. लीगची मॅच, रविवारी दुपारी. माणसं मोजली, बेचाळीस भरली. त्यातले चौदा राखीव खेळाडू, एक पाण्याच्या कॅनवाला, दोघं कडुनिंबाच्या सावलीत गाडी लावायला आलेले, आणि एक जण आकाशी निळ्या जर्सीत, मैदानाकडे पाठ करून मोबाइलवर कालच्या मॅचचे गोल बघत उभा. फक्कीची रेघ पेनल्टी बॉक्सच्या एका कोपऱ्यात पुसली होती आणि दोन्ही टीमचे गोलकीपर तिथे पायाने रेघ ओढून घेत होते, प्रत्येक जण आपल्या सोयीची. दुसऱ्या हाफात डाव्या बाजूच्या एका काळ्यासावळ्या पोराने तिघांना चकवून असा क्रॉस टाकला की माझ्या तोंडून "अरे!" निघालं. आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना. कॅनवाल्याने ऐकलं होतं. तो म्हणाला, "रोजच करते तो."

तेव्हा सावध केलं, पुढची जबाबदारी तुमची. पण समजा इथलाच एखादा क्लब जिंकत सुटला, पेपरात फोटो आला, आणि लाल-निळ्याच्या जोडीला तिसरी जर्सी घ्यावीशी वाटली, तर काय करायचं, हेही मी तुमच्यासाठी विचारून ठेवलंय. त्या दिवशी मॅच संपल्यावर जर्स्या गोळा करून बोचक्यात बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांना मी विचारलं, "काका, ही कुठे विकत मिळते?"

त्यांनी बोचक्याची गाठ मारली आणि मला पोटापासून पायापर्यंत पाहिलं.

"विकाले नाई बावा. अठराच हायेत. खेळतं का?"