नुसती झाडं लावून माती थांबत नाही
उतारावर झाडं लावली की मातीची धूप थांबते म्हणे, हे अर्धंच खरं आहे. झाड मोठं व्हायला वर्षं जातात, तोवर वरचा थर पावसात गेलेला असतो. त्यापेक्षा वाळ्याचं गवत समपातळी रेषेत (उताराला आडवं, एकाच उंचीवर) दाट लावा, मुळं सरळ खाली 3-4 मीटर जातात आणि वर गाळ अडून आपोआप बांध तयार होतो. ओळींमधली जमीन पालापाचोळ्याने झाका (जाळू नका राव, बहुतेक कर्ब, म्हणजे कार्बन, हवेत जातो), तो कुजला की बुरशीचे धागे मातीचे कण धरून ठेवतात, अशा मातीचं सुकं ढेकूळ पाण्यात टाकून बघा, बराच वेळ टिकतं, सेंद्रिय कर्ब संपलेल्या जमिनीतलं लगेच विरघळतं. खोलवरची दरड मात्र मुळांनी थांबत नाही, तिथे आधी पाण्याचा निचरा.