टिप द्या, पण ती घरी नेऊ नका

हॉटेलांनी बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावू नये, असा नियम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये केला. त्याविरुद्ध हॉटेलमालकांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या मंडळींशी बोलताना हा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "अमेरिकेत लोक वीस टक्के देतातच ना? म्हणून तर तिथे सर्व्हिस चांगली." आणि उन्हाळ्यात हीच मंडळी इकडे अमेरिकेत मुलांकडे आली की वीस टक्के द्यायला त्यांचा हात उचलत नाही. माझं म्हणणं दोन्ही बाबतीत उलटं आहे. अमेरिकेत आलात तर टिप दिलीच पाहिजे. आणि ही पद्धत भारतात रुजू देता कामा नये.

मी टेक्सासमध्ये, डॅलसजवळ राहतो. इथे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी कायद्याने चालतं. इथल्या केंद्र सरकारचा हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. १९९६ मध्ये बाकीच्यांचं किमान वेतन वाढवताना काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, वेटरांचं तिथेच गोठवलं. बाकीच्यांचं किमान वेतन ७.२५ डॉलर, तेही २००९ पासून तेवढंच. मधली तफावत टिपमधून भरून निघाली नाही तर मालकाने भरायची, असं कायदा सांगतो. पण ते मागायला मालकासमोर उभं राहायचं कोणी? ज्याच्या हातात पुढच्या आठवड्याच्या पाळ्या आहेत, त्याच्याशी वेटर सहसा भांडत नाही.

पाहुण्यांचा गोंधळ होतो तो बिलाच्या वेळी. चौघांचं जेवण ६४ डॉलर झालं, असं धरा. त्यावर सव्वाआठ टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे ५.२८. मेनूकार्डावर हा टॅक्स नसतो, त्यामुळे इथेच पहिला धक्का बसतो. वेट्रेस काळ्या फोल्डरमध्ये बिल आणते, कार्ड घेऊन आत जाते (आपल्याकडचे लोक कार्ड नजरेआड झालं की अस्वस्थ होतात, पण बऱ्याच ठिकाणी अजून हीच रीत आहे) आणि दोन पावत्या घेऊन परत येते. पावतीवर तीन ओळी असतात : रक्कम, टिप, एकूण. मधली ओळ तुम्ही पेनने भरायची. टॅक्सआधीच्या ६४ वर वीस टक्के म्हणजे १२.८०, एकूण ८२.०८, खाली सही. एक पावती तिथे ठेवायची, एक आपल्याकडे. मधली ओळ कोरी सोडून सही केली तर त्या दीड तासाच्या कामाचे तिला तुमच्याकडून शून्य मिळाले. अनेक हॉटेलांत वेटरला आपल्या टिपमधून टेबलं पुसणाऱ्याला आणि बारवाल्यालाही वाटा द्यावा लागतो. तो कुठे कुठे एकूण विक्रीवर ठरतो. तिथे तुमच्या टेबलाचा वाटा तिच्या पदरचा जातो.

म्हणून डॉलरचे रुपये करत बसू नका. जेवणाचा खर्च धरतानाच टॅक्स आणि टिप धरून चाला. टॅक्सीवाला, केस कापणारा यांनाही पंधरा-वीस टक्के देतात. हॉटेलात खोली आवरणाऱ्या बाईसाठी रोज सकाळी दोन-पाच डॉलर ठेवायचे, शेवटच्या दिवशी एकदम नाही, कारण रोज बाई तीच असेल असं नाही. सहा-आठ जणांचा घोळका असला तर बिल नीट वाचा, टिप बहुतेक आधीच लावलेली असते. कॉफीच्या काउंटरवर मशीन तुमच्यासमोर फिरवून टक्के विचारतात, तिथे 'नाही' दाबलं तरी कोणी वाईट मानत नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगनसारख्या काही राज्यांत वेटरला पूर्ण किमान वेतन मिळतं, तरी टिपचा रिवाज तिथेही आहेच. आणि पोलिसाला किंवा सरकारी माणसाला चुकूनही पैसे पुढे करू नका.

आता "सर्व्हिस चांगली" याबद्दल. ती हसते, दर पाच मिनिटांनी विचारपूस करते, तुमच्या लेकराचं कौतुक करते. त्यातलं बरंच मनापासून असेलही. पण तिचं घरभाडं तुमच्या मूडवर अवलंबून आहे, हे तिला एक क्षणही विसरता येत नाही. कोणी अंगचटीला येऊन बोललं तरी तिला हसावं लागतं. गिऱ्हाइकाला मालक बनवणारी ही पद्धत आहे आणि तिचा इतिहासही तसाच आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पोर्टर म्हणून ठेवलं. पगार तुटपुंजा, बाकी सगळं प्रवाशांच्या मर्जीवर. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली आणि १९३७ मध्ये तिने कंपनीकडून करार मिळवला. त्या माणसांनी जास्त टिप मागितली नव्हती. त्यांनी मागितला पगार आणि कामाचे ठरलेले तास. वॉशिंग्टन राज्याने तर १९०९ मध्ये टिपवर बंदीच घातली होती, पण चार वर्षांत ती उठवली. एकदा मालकांना याची चटक लागली की ती सुटत नाही.

आपल्याकडे वेटरला फार सुखाचे दिवस आहेत असं मी म्हणत नाही. गाव सोडून आलेली पोरं कितीतरी ठिकाणी रात्री हॉटेलातच अंथरूण टाकतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण टिप मिळते म्हणून किमान वेतन कमी द्या, असं आपला कायदा म्हणत नाही. हे मोठं संरक्षण आहे आणि ते जपलं पाहिजे. बडीशेपेच्या वाटीत आपण दहा-वीस रुपये ठेवतो ते खुशीने, आणि नाही ठेवले तरी त्याचा पगार तेवढाच राहतो. सर्व्हिस चार्ज आम्ही कामगारांतच वाटतो, असं मालक सांगतात. तर मग डोशाचा दर दहा रुपयांनी वाढवावा, मेनूकार्डावर उघड छापावा आणि तो पैसा पगारात घालावा. मी आनंदाने देईन.

मला काळजी वाटते ती फोनमधल्या ॲपची. जेवण मागवतानाच, पोरगा अजून दुकानातही पोचलेला नसताना, ॲप विचारतं : वीस रुपये की तीस? इथल्या काउंटरवरचं मशीन हेच विचारतं. फरक एवढाच की या पोराला पगारच नाही, फेरीमागे पैसे मिळतात आणि ते किती हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. पुण्यात असलो की मीही त्याला टिप देतो, कारण पावसात भिजत आलेल्या माणसाला तत्त्व सांगून परत पाठवायचं नसतं. पण कंपनीकडे मागणी करायची तर ती वेगळी आहे : टिपच्या बटणाशेजारी या फेरीचे त्याला कंपनी किती देणार, तो आकडा दाखवा.